सिनेमा चांगला, नाव मात्र चुकलं

जुनी_तिकिटं:

दिग्पाल लांजेकर यांचा 'फत्तेशिकस्त' २०१९ साली आला, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांना तो बघायचा होता. नाव मात्र कुणालाच धड सांगता येत नव्हतं. 'फत्ते काहीतरी', 'तो शाहिस्तेखानाचा', 'फर्जंदवाल्यांचा नवा' असं चाललं होतं. विषय लाल महालावरच्या छाप्याचा. शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली हे महाराष्ट्रात चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ असतं. इतकी ओळखीची गोष्ट हातात असताना तिच्यावर अनोळखी नावाचं झाकण का घालायचं?

त्याच मंडळींचा पुढचा सिनेमा आधी 'जंगजौहर' या नावाने जाहीर झाला होता. जौहर म्हटलं की आपल्याला पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आठवतो, नाहीतर राजपूत स्त्रियांचा जोहार. म्हणजे सिनेमा बाजीप्रभूंचा आणि नावात शत्रू. पुढे नाव बदलून 'पावनखिंड' केलं आणि २०२२ मध्ये तो त्याच नावाने लागला. घोडखिंडीची पावनखिंड कशी झाली हे ज्याला माहीत आहे, त्याला आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. सिनेमा चालला. तो एकट्या नावामुळे चालला असं मी म्हणत नाही, पण पोस्टर बघून 'हे काय असेल?' असा प्रश्न कुणाला पडला नाही.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी सिनेमाकडे जाहिरातीला पैसा नसतो. शुक्रवारी लागतो, सोमवारी खेळ कमी होतात, पुढच्या शुक्रवारी हिंदीवाला मोठा सिनेमा आला की उरलेले खेळही जातात. वाचवू शकते ती तोंडी प्रसिद्धी. बघून आलेल्या बाईने शेजारणीला सांगायचं, शेजारणीने नवऱ्याला, नवऱ्याने ऑफिसात. नाव जिभेवर बसलं नाही तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. दुसरा प्रकार त्याहून वाईट. नाव नीट कळतं, पण ते भलत्याच सिनेमाचं असतं. एक बघायला आलेल्या माणसाला दुसरंच दिसतं, आणि ज्याला ते दुसरं आवडलं असतं तो घरीच बसलेला असतो.

तुमच्या लेखी अशी कोणती नावं आहेत? 'सिनेमाच वाईट होता' ही उदाहरणं नकोत. सिनेमा चांगला किंवा बरा, आणि नावाने घात केला, अशीच द्या.

वऱ्हाडी_माणूस:

चांगला धागा. पण 'अनोळखी शब्द नको' हे मला सरसकट मान्य नाही.

'फँड्री' हा शब्द सिनेमा येईपर्यंत महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक होता? कैकाडी भाषेत डुक्कर. नागराज मंजुळेंनी त्याचं 'डुक्कर' केलं असतं तर नाव समजलं असतं आणि सगळं गेलं असतं. तो शब्द जब्याच्या घरातला आहे, गावाच्या तोंडी तो शिवीसारखा येतो, आणि शेवटी डुकरांमागे धावणारं ते कुटुंब बघताना त्याचा अर्थ आपल्या अंगावर येतो. अर्थ न कळणं हीच त्या नावाची ताकद होती. शिवाय दोन अक्षरं. उच्चारायला कुणालाच त्रास नाही. 'ख्वाडा'चंही तेच. नगरकडचा माणूस खोड्याला, अडथळ्याला ख्वाडा म्हणतो. पुण्यात अर्थ कळला नाही तरी नाव विसरायला झालं नाही.

आता आमच्याकडचं उदाहरण. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९. विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी, शेजारी आत्महत्या झालेली, आणि आपला नवरा तसं काही करेल या भीतीने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी बायको. 'गाभ्रीचा' ही आमच्याकडची शिवी. पेरणी झाल्यावर दडी मारणाऱ्या पावसाला शेतकरी अशीच शिवी देतो. त्या शब्दात राग आहे, लाचारी आहे, घरच्या माणसावर रागवावं तशी जवळीकही आहे. आमच्या कानाला याहून नेमकं नाव सुचणार नाही. पण पुण्यात राहत असताना मी खोलीतल्या मित्रांना 'चला' म्हटलं, तर पहिला प्रश्न आला: 'कॉमेडी आहे का?' गावाकडचा शब्द, त्यातून शिवी, म्हणजे मकरंद अनासपुरे छापाचा काहीतरी विनोदी सिनेमा असेल असा त्यांचा समज. सिनेमा बघून सगळे गप्प झाले. त्या काळात ग्रामीण बोली म्हणजे हसायची गोष्ट हे प्रेक्षकाच्या डोक्यात इतकं बसवलं गेलं होतं, की बरोबर नावसुद्धा चुकीचं ऐकू येत होतं. याचा दोष मी मनवरांना देणार नाही.

शब्दवेधी:

वऱ्हाडी, पूर्ण सहमत. नाव पात्रांच्या तोंडचं असेल तर ते अनोळखी असूनही जवळचं वाटतं. 'फत्तेशिकस्त' कुणाच्या तोंडचं आहे? दरबारी फारसीतला जोडशब्द आहे तो, बखरीत शोभेल. मावळ्याच्या तोंडी नाही, आणि तिकीट काढणाऱ्याच्याही नाही.

सिंहगड_रस्ता:

मला सर्वात जास्त टोचलेलं नाव म्हणजे 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर', २०२०. सिनेमा बघताना मजा आली, प्रश्न त्याचा नाहीच. पण अनसंग? ज्याचं गाणं कुणी गायलं नाही असा? तानाजी मालुसऱ्यांचा? शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हा मराठीतल्या सर्वात जुन्या पोवाड्यांपैकी एक. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' कादंबरी तर घराघरात होती. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला, व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी १९३३ मध्ये बोलपट काढला. आधी लगीन कोंढाण्याचं हे वाक्य माहीत नसलेला मराठी माणूस मला दाखवा. महाराष्ट्राने सर्वात जास्त गायलेल्या चार-पाच माणसांत तानाजी येतात.

मला कळतं की ते नाव दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकासाठी होतं. पण दिग्दर्शक ओम राऊत आपल्यातलेच, आणि सिनेमा मराठीतही डब होऊन आला. मराठी पोस्टरवर तरी ती शेपटी कापायला हवी होती. एका प्रदेशाची तीनशे वर्षांची आठवण दुसऱ्या प्रदेशाला माहीत नाही, म्हणून ती नव्हतीच असं नावातच लिहून टाकणं मला अजून खटकतं.

दुसरं, आशुतोष गोवारीकरांचं 'पानिपत', २०१९. मराठीत 'पानिपत झालं' म्हणजे धूळधाण झाली. रोजच्या बोलण्यात निवडणूक हरलेल्या पक्षाचंही पानिपत होतं. अशा नावाच्या सिनेमाला सणासुदीला घरातल्या सगळ्यांना घेऊन जावंसं वाटेल का?

जुनी_तिकिटं:

तान्हाजीबद्दल शब्दन् शब्द पटला.

पानिपतबद्दल नाही. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ मध्ये त्याच नावाने आली आणि अजूनही लोक ती वाचतात. मराठी माणूस पानिपताकडे पाठ फिरवत नाही, उलट ती जखम पुन्हा पुन्हा उघडून बघतो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख ज्यांना दुसरी कुठलीही ऐतिहासिक तारीख आठवत नाही त्यांनाही आठवते. नाव बरोबर होतं. मला खटकलं ते त्याखालचं इंग्रजी उपशीर्षक, 'द ग्रेट बिट्रेयल'. भाऊसाहेब का हरले याचं उत्तर नावातच देऊन टाकलं, तेही अर्धवट. रसद तुटली होती, यात्रेकरू आणि बायकामुलांचं लटांबर बरोबर होतं, उत्तरेत मित्र उरले नव्हते. हे सगळं 'दगा' या एका शब्दात कसं मावेल?

खिडकी_क्र_२:

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटरच्या तिकीटखिडकीवर बरीच वर्षं काम केलं. आता ते बंद झालंय. नावाचा हिशोब तिथे रोज बघायला मिळायचा.

खिडकीच्या भोकातून आवाज नीट येत नाही. मागे रांग ढकलत असते. माणसाला एका दमात सिनेमाचं नाव, खेळ, किती माणसं आणि बाल्कनी की खाली, एवढं सांगायचं असतं. 'सैराट'च्या वेळी बाया 'सैराटची सहा, बाल्कनी' असं खणखणीत म्हणायच्या. 'टाइमपास' तर पोरं ओरडूनच मागायची. नाव इंग्रजी आहे असं त्यांना वाटायचंच नाही, कारण टाइमपास हा शब्द आपण रोज वापरतो. पण नाव अवघड असलं की माणूस नाव घेत नाही. 'भरत जाधवची दोन द्या', 'त्या सुबोध भावेची चार', 'हा जो लागलाय तो' असं म्हणतो. वयस्कर माणसं पोस्टरकडे बोट दाखवतात. नाव चुकीचं बोललो तर मागचे हसतील याची त्यांना लाज वाटते. तोंडात नाव येत नसेल तर तो माणूस घरी जाऊन तरी काय सांगणार? म्हणूनच धाग्याच्या सुरुवातीला जे साखळीचं लिहिलंय ते मला अगदी पटलं.

भलतंच सांगणारं नाव म्हणाल तर 'व्हेंटिलेटर', २०१६. राजेश मापुसकरांना त्यासाठी दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. गणपतीच्या तोंडावर गजूकाका दवाखान्यात, आणि सगळं कोकणी गणगोत तिथे गोळा होतं. भांडतं, खातं, हेवेदावे काढतं. लोक पोट धरून हसायचे आणि शेवटी डोळे पुसत बाहेर पडायचे. पण पहिल्या दोन दिवसांत खिडकीवर मला सतत विचारलं गेलं, 'रडका आहे का हो?' एक आजोबा नाव वाचूनच मागे फिरले. म्हणाले, त्या मशीनचं बिल भरून झालंय माझं, आता पैसे देऊन बघायला कशाला येऊ? त्यांना मी काय सांगणार होते? नंतर लोकांनीच लोकांना सांगितलं, 'अगं, विनोदी आहे, जा', आणि गर्दी वाढली. सिनेमात दम होता म्हणून नावावर मात करून गेला. सगळ्यांच्या नशिबी तेवढा वेळ नसतो.

तिसरी_घंटा:

खिडकीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून लिहा.

'व्हेंटिलेटर'चं नाव मला मात्र योग्य वाटतं. बापलेकांमधलं बोलणं बंद पडलंय, त्यांच्यातली हवाच अडकलीय, हे सगळं त्या यंत्रामुळे उलगडतं. पण तुम्ही म्हणता ते आजोबा डोळ्यांसमोर आले, आणि हा अर्थ त्यांना थिएटरच्या आत आल्यावरच कळला असता हेही खरं.

मला 'उंबरठा'बद्दल लिहायचंय. शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर'. तिच्यावर डॉ. जब्बार पटेलांनी १९८२ मध्ये मराठीत 'उंबरठा' केला आणि हिंदीत 'सुबह'. स्मिता पाटील दोन्हींत. एकाच गोष्टीची तीन नावं समोर असल्यामुळे नाव काय करतं ते इतकं स्वच्छ दिसतं!

सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते, तिथलं वास्तव बघून परत येते, आणि घरात आता आपली जागा उरलेली नाही हे कळल्यावर पुन्हा निघते. 'बेघर' म्हटलं की ती बिचारी होते. तिचं काय हरवलं तेवढंच ते नाव सांगतं. 'उंबरठा' तिला मधोमध उभं करतं. आत घर, बाहेर जग, आणि ओलांडणारी ती स्वतः. मराठी घरात उंबरठ्याला हळदकुंकू लागतं, नवी सून त्यावरचं माप ओलांडून आत येते, तिन्हीसांजेला त्यावर बसू नकोस म्हणून मुलींना दटावलं जातं. हे सगळं त्या एका शब्दात न सांगता येतं. आणि 'सुबह'? सकाळ. कोणाची, कशाची? आशावादी कुठल्याही सिनेमाला चालेल असं नाव. शेवटी रेल्वेत बसलेली सुलभा कुठल्या सकाळीकडे चालली आहे हे सिनेमा मुद्दाम सांगत नाही, तिच्या चेहऱ्यावरची अनिश्चितता तशीच ठेवतो. हिंदी नावाने तिथे परस्पर उजाडवून टाकलंय. हिंदीत देहरी, चौखट, दहलीज असे शब्द होते की. चुकीचं असण्यापेक्षा असं गुळमुळीत नाव मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही.

दूरदेशी:

अमेरिकेतून लिहितोय. इथलं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'द शॉशँक रिडेम्प्शन', १९९४. स्टीफन किंग यांच्या मूळ दीर्घकथेच्या नावात रिटा हेवर्थ या नटीचं नाव होतं. तिचा चरित्रपट वाटू नये म्हणून ते काढलं, आणि उरले दोन शब्द. एक तुरुंगाचं नाव, जे आधी कुणी ऐकलेलंच नाही. दुसरा धार्मिक वाटणारा. पहिल्या फेरीत सुमारे १.६ कोटी डॉलर आले, खर्च होता अडीच कोटी. नंतर ऑस्करची सात नामांकनं, मग व्हिडिओ कॅसेट, मग टीव्ही, आणि आज तो जगातल्या सर्वात आवडत्या सिनेमांत गणला जातो. त्याच्या कलाकारांनीही नावाला दोष दिलेला आहे: लोकांना सिनेमा आवडायचा, नाव आठवायचं नाही.

दुसरं 'एज ऑफ टुमॉरो', २०१४. टॉम क्रूझ रोज मरतो आणि तोच दिवस पुन्हा जगतो. नावावरून कळतं का काही? पोस्टरवरची ओळ होती 'लिव्ह, डाय, रिपीट'. डीव्हीडी काढताना कंपनीने तीच ओळ इतकी मोठी छापली की बऱ्याच जणांना तेच सिनेमाचं नाव वाटलं. बरोबर नाव पहिल्या दिवसापासून पोस्टरवर होतं, फक्त चुकीच्या जागी!

आणि 'जॉन कार्टर', २०१२. मूळ कादंबरीच्या नावात मंगळ होता, राजकन्या होती. सिनेमात दोन्ही गाळून फक्त माणसाचं नाव ठेवलं, तेही शेजारच्या हिशेबनीसाचं वाटावं असं. डिस्नेने सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. नावाचा त्यात वाटा किती हे मोजता येत नाही, पण मंगळावरची गोष्ट सांगायची आणि मंगळाचं नाव घ्यायला घाबरायचं हे काही पटत नाही.

शब्दवेधी:

हिंदीत माझ्या मते 'रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर' (२००९). खोटं न बोलता धंदा करू पाहणाऱ्या, कमी मार्कांच्या एका सरदार मुलाची फार सुंदर गोष्ट. नोकरीत अपमान सोसलेला कुणीही ती बघून हेलावेल. पण नाव लहान मुलांच्या कार्टूनचं वाटतं. जयदीप साहनींनी इतकं प्रामाणिक लिहिलेलं, ज्यांच्यासाठी लिहिलं ते आलेच नाहीत.

'मटरू की बिजली का मंडोला' चालीत म्हणायला गोड आहे, पण यातली माणसं किती आणि गाव कुठलं हे सिनेमा बघेपर्यंत लागत नाही.

आणि इम्तियाझ अलींनी स्वतःच २००९ आणि २०२० मध्ये 'लव्ह आज कल' याच नावाने दोन सिनेमे केले. आता कुणी 'लव्ह आज कल बघ' म्हटलं की 'कुठला?' हे विचारावंच लागतं.

वकिली_चष्मा:

एकच नाव दोघांनी वापरण्याबद्दल. आपल्याकडे निर्मात्यांच्या संस्थांकडे नाव नोंदवायची पद्धत आहे. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. पण नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'देसी बॉईज'च्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे नोंदणी ही मुख्यतः धंद्यातल्या लोकांनी आपसात पाळायची शिस्त. चांगला साधा शब्द कुणीतरी आधीच अडवलेला असतो, मग पुढचा माणूस त्याच्यामागे इंग्रजी शेपूट लावतो. कधी भीती न्यायालयाची असते. २०१३ मध्ये 'रामलीला' नावावर आक्षेप आले आणि नाव झालं 'गोलियों की रासलीला राम-लीला'. असं नाव कोणता लेखक आपणहून देईल?

आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही. आता सिनेमा रोमन अक्षरांत शोधला जातो. 'वेड' आणि 'वेद' रोमनमध्ये अगदी सारखे. 'नाळ' आणि 'नाल' तेच. आपला ळ आणि ड तिथे पोचतच नाहीत. याचा अर्थ इंग्रजी नावं द्यावीत असा मुळीच नाही. ओटीटीवाल्यांनी देवनागरीत शोधायची सोय नीट करावी, आणि निर्मात्यांनी ती हट्टाने मागावी. जपानी, कोरियन सिनेमांना हे मिळतं, मग आपल्याला का नाही?

वऱ्हाडी_माणूस:

+१. विशेषतः शेवटच्या मुद्द्याला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांची नावं बघा. 'दहावी फ' हे मला मराठीतलं सर्वात चोख नाव वाटतं. अ तुकडीत हुशार, आणि फ म्हणजे ज्यांना शाळेने सोडून दिलंय ते. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही तेवढं एक अक्षर पुरतं. तेच दोघे 'अस्तु' असं नाव देतात तेव्हा मी बाहेरच राहतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची, हत्तीमागे चालत हरवून गेलेल्या म्हाताऱ्याची इतकी कोवळी गोष्ट, आणि नाव मंत्राच्या शेवटासारखं. आमच्या गावात ते कुणाला सांगू?

तिसरी_घंटा:

दादा, 'अस्तु'साठी मात्र मी भांडेन. डॉ. मोहन आगाशेंनी केलेले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे पंडित आहेत. मुलीचं नाव विसरले, घराचा पत्ता विसरले, तरी संस्कृत त्यांच्यात कुठेतरी शिल्लक आहे. माणसातून सगळं निघून गेल्यावर जो शब्द उरेल तो त्याच्याच भाषेतला असणार. तुम्हीच वर म्हणालात ना, पात्राच्या तोंडचं नाव असावं? जब्याच्या घरातला शब्द 'फँड्री', शास्त्रीबुवांच्या घरातला 'अस्तु'. अमृता सुभाषने केलेली माहुताची बायको शास्त्रीबुवांचं एक अक्षर न समजता त्यांना आईसारखं सांभाळते. तिलाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही.

वऱ्हाडी_माणूस:

हे पटलं. मात्र तिकीट काढायला लावण्याचं काम ते नाव करत नाही, हे माझं म्हणणं तसंच आहे.

तिसरी_घंटा:

ते मान्य. दोन्ही कामं करणारं नाव हवं असेल तर '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' घ्या (२०१८). नाटकाच्या श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं पुकारून झाली की शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' अशी घोषणा व्हायची आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणायचं. ज्यांनी ते ऐकलं त्यांना नाव वाचताच टाळ्या ऐकू येतात. ज्यांनी नाही ऐकलं, त्यांना 'आणि' ने सुरू होणारं नाव बघून प्रश्न पडतो, आणि सिनेमा त्याचं उत्तर देतो.

खिडकी_क्र_२:

आमच्याकडे तो लागला होता. लोक 'घाणेकरची द्या' म्हणायचे. 'आणि' कुणी म्हणत नव्हतं, पण एकालाही बोट दाखवावं लागलं नाही.